ओझे वाहणारी सायकल

पहाटे गल्लीत पाववाला येतो. दूधवालाही येतो. त्याच्या सायकलच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकत असतात. मुलांनो, हे तुम्ही रोज पाहता. पण एका सायकलवर दोनशे किलो ओझे नेता येईल का?

लहानपणी मी गव्हाचे पोते सायकलवर घालून गिरणीत नेत असे. पोते कॅरिअरवर ठेवले, की पुढचे चाक उचलले जाई. एकदा चढावर सायकल आडवी झाली आणि अर्धे गहू रस्त्यावर सांडले. अब्बांची बोलणी खावी लागली! माझी चूक कोठे झाली, हे मला पुष्कळ वर्षांनी व्हिएतनामची हकीकत वाचताना कळले.

व्हिएतनामवर फ्रेंचांचे राज्य होते. स्वातंत्र्यासाठी तेथील लोक लढत होते. 1953 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंच सैनिक दिएन बिएन फू या दूरच्या खोऱ्यात विमानातून उतरले. भोवती डोंगर आणि दाट जंगल. एवढ्या आडवाटेने शत्रू तोफगोळे आणि धान्य आणूच शकणार नाही, असे फ्रेंचांना वाटले.

व्हिएतनामी लोकांकडे मोटारट्रक होते, पण थोडे. रस्त्यांवर बाँब पडत. मग सुमारे 20,000 सायकली कामाला लागल्या. त्यांतील कितीतरी सायकली फ्रान्समध्येच बनलेल्या होत्या!

या सायकलींवर कोणी बसत नसे. बांबू आणि लाकूड बांधून सांगाडा मजबूत करीत. पोती मागे उंच न रचता दोन्ही बाजूंना, खाली, चाकांच्या मध्ये लटकवीत. त्यामुळे वजन सारखे वाटले जाई. (माझे पोते सगळे मागेच होते!) पोत्यांमुळे हँडलपर्यंत हात पोहोचत नसे, म्हणून हँडलला एक लांब काठी बांधीत. दुसरी काठी बैठकीच्या नळीत उभी बसवीत. एका हाताने दिशा सांभाळायची, दुसऱ्याने ढकलायचे. ट्यूब फुटू नये म्हणून टायरच्या आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या घालीत. चढावर दुसरा माणूस दोरीने ओढी. उतारावर तीच दोरी मागून धरून ठेवावी लागे. विमानांच्या भीतीने पुष्कळसा प्रवास रात्रीच होई.

एवढा खटाटोप कशासाठी? थोडे गणित करू. समजा, एक माणूस खांद्यावर 20 किलो तांदूळ घेऊन निघाला. जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस. रोज त्याला एक किलो तांदूळ लागला, तर सैनिकांसाठी काय उरेल? काहीच नाही, उलट दहा किलो कमीच पडतील. आता 200 किलोचे गणित तुम्ही करा.

मा वान थांग नावाच्या एका सायकलवाल्याने तर एका खेपेत 352 किलो माल नेला. 13 मार्च 1954 रोजी लढाई सुरू झाली. 7 मे रोजी फ्रेंच ठाणे पडले. डोंगरात तोफा होत्या, गोळे होते, आणि सैनिकांच्या पातेल्यात भातही होता.

शब्दार्थ : आडवाट – नेहमीची नसलेली वाट, खटाटोप – धडपड, खेप – एक फेरी, ठाणे – सैन्याची छावणी.

स्वाध्याय
1. लेखकाचे गहू रस्त्यावर का सांडले?
2. हँडलला लांब काठी का बांधीत?
3. वरील गणितात सायकलवाल्याचे किती किलो तांदूळ उरतील?
4. तुमच्या गावात सायकलवरून कोणकोणता माल नेतात? पाच वाक्ये लिहा.