दोन मुक्कामांचा प्रवास

विजय नगर, जबलपूर
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा येत्या उन्हाळ्यातील विलायतप्रवासाचा मसुदा पावला. लंडन, पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम, इंटरलाकेन, व्हेनिस आणि रोम अशी सहा नावे एका पंधरवड्यात बसवून, अखेरीस ‘एक दिवस खेडेगाव’ अशी पुस्ती तू जोडली आहेस, आणि शहर व ग्रामभाग यांचा समतोल साधला किंवा कसे, याविषयी माझा अभिप्राय मागितला आहेस. अभिप्राय स्पष्टच देतो. हा समतोल नव्हे. पानाच्या डाव्या बाजूस चटणी वाढावी तसे तू खेडे वाढले आहेस.

परगावचे लोक आमच्या शहराशी कसे वागतात, ते येथे राहून मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. कान्ह्याच्या जंगलाकडे निघालेली मंडळी वाटेत अर्धा दिवस काढून भेडाघाटास जातात, धुआँधारापुढे उभी राहून छायाचित्रे घेतात, नावेत बसून संगमरवरी कड्यांमधून फिरून येतात, आणि वेळ उरलाच तर आमच्या विजय नगरातील कचनार सिटीच्या ७६ फुटी शंकरापुढे पाच मिनिटे थांबून संध्याकाळच्या गाडीने मार्गस्थ होतात. त्यांनी जबलपूर पाहिले नाही असे कोण म्हणेल? परंतु भेडाघाटास जाताना मोटारीच्या काचेतून सरकून गेलेले तेवर हे खेडे म्हणजेच कलचुरींची राजधानी त्रिपुरी, आणि १९३९ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन तिच्याच नावाने ओळखले जाते, हे त्यांच्या गावीही नसते. त्यात त्यांचा दोष नाही. दोष त्या कार्यक्रमपत्रिकेचा, जिच्यात थांबण्यास जागाच ठेवलेली नसते. तुझा मसुदा वाचताना मला वारंवार तीच मंडळी आठवली.

आता कायद्याची बाजू पाहा. ब्रिटन हे शेंगेन राष्ट्रसमूहात मोडत नाही; तेव्हा तुझ्या मसुद्याबरहुकूम पाच माणसांना दोन-दोन प्रवेशपरवाने, दोन-दोन वेळा शुल्क आणि दोन ठिकाणी कागदपत्रे दाखल करणे क्रमप्राप्त आहे. त्यातही शेंगेनचा अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करावा लागतो, आणि दर माणशी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा त्यास जोडावा लागतो. कागदांचे हे ओझे मी आडकाठी म्हणून सांगत नाही. एखाद्याला खरोखरच तेथे जायचे असेल तर ते वाहावेच. पण दर दोन रात्रींनी खोली खाली करणे, सामान बांधणे, स्थानक गाठणे आणि नव्या गावी पुन्हा घर शोधणे यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, आणि ज्या गुडघ्यांनी वहिनी आपल्या घराचा जिनासुद्धा बेताने चढतात, त्या गुडघ्यांचा विचार तुझ्या मसुद्यात कोठेही दिसत नाही. आयफेल मनोरा १८८९ पासून उभा आहे. तो आणखी काही वर्षे तुमची वाट पाहील.

माझी सूचना अशी की, या खेपेस देश एकच घ्यावा आणि त्यात मुक्काम दोनच करावेत: एक लंडन, आणि दुसरा इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांचा तो डोंगराळ प्रांत, ज्यास लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. वहिनींनी शाळेत इंग्रजी शिकविण्यात हयात घालविली. फ्रान्सात किंवा इटलीत त्यांना प्रत्येक वाक्यासाठी तुझ्या तोंडाकडे पाहावे लागेल. येथे त्या दुकानदाराशी, बसवाल्याशी, शेजारच्या म्हातारीशी स्वतः बोलतील, आणि प्रवासात वडीलधाऱ्या माणसाला हे स्वातंत्र्य मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

लंडनविषयी मी विस्तार करीत नाही, कारण त्याची माहिती तुला माझ्यापेक्षा जास्त आहे. एवढेच लक्षात ठेव की ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम या मातब्बर संस्थांना सर्वसाधारण प्रवेशमूल्य नाही. याचा खरा लाभ पैशाचा नाही. तिकिटाचे दाम वसूल करण्याची घाई नसल्यामुळे मुले कंटाळली की दोन तासांनी निर्धास्तपणे बाहेर पडता येते, हा आहे. नॅचरल हिस्टरी म्युझियमला नेण्यापूर्वी मुलांना हे सांग की, ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या स्लीमनसाहेबास १८२८ साली आमच्या जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर डायनोसॉरची हाडे सापडली, आणि पुढे १८७७ साली लायडेकर या शास्त्रज्ञाने त्यांच्या आधारे त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. काकाच्या गावचा प्राणी म्हटल्यावर त्यांचे पाय अधिक चालतील. आणि एक सकाळ किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरासाठी राखून ठेव. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर विद्यार्थी म्हणून तेथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले असून आता तेथे त्यांचे स्मारक आहे. राजवाड्यापुढील पहारा बदलण्याचा सोहळा चुकला तरी चालेल, हे घर चुकवू नये.

दुसऱ्या मुक्कामाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो. लंडनच्या यूस्टन स्थानकातून सुटलेली आगगाडी पावणेतीन तासांच्या आसपास ऑक्सनहोम येथे पोचते, आणि तेथून छोटा फाटा विंडरमिअरपर्यंत जातो. हा लोहमार्ग १८४७ साली सुरू झाला, आणि तो होऊ नये म्हणून ज्याने वर्तमानपत्रात पत्रे लिहिली तो गृहस्थ म्हणजे कवी वर्डस्वर्थ. कारखान्यांतील मजुरांचे थवे सुटीच्या दिवशी येथे लोटतील आणि ज्या एकांताचा आस्वाद घेण्याचा संस्कार त्यांच्यावर झालेला नाही त्या एकांताचाच नाश करतील, असे त्याचे म्हणणे होते. महाकवीविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला वाटते की येथे त्याचे चुकले. संस्कार नाही म्हणून दार लावून घेतले तर तो संस्कार व्हावा कोठे? तथापि त्याची भीती अगदीच निराधार नव्हती, हे ऑगस्टमध्ये विंडरमिअरच्या काठची गर्दी पाहणारा कोणीही मान्य करील. म्हणून तुम्ही सरोवराच्या त्या मुख्य धक्क्यापाशी न राहता ग्रासमिअरसारख्या आतल्या गावी उतरावे. वर्डस्वर्थ १७९९ ते १८०८ पर्यंत राहिला ते डव्ह कॉटेज तेथेच आहे. वहिनींनी ज्याच्या कविता वर्गात शिकविल्या, त्याच्या बुटक्या छताच्या खोलीत त्यांना उभे राहिलेले पाहणे, हे मुलांच्याही स्मरणात राहील. मुलांसाठी सरोवरापलीकडे निअर सॉरी येथे बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचे हिल टॉप नावाचे शेतघर आहे. सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या या बाईने १९०५ साली ते घेतले, पुढे एकेक शेत जोडीत गेली, आणि १९४३ साली मृत्यूनंतर चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टला दिली. त्या कुरणांची आजची कळा बऱ्याच अंशी त्या बाईच्या मृत्युपत्राची देणगी आहे.

या पाहण्याच्या गोष्टी दोन दिवसांत संपतात. राहिलेल्या दिवसांपुढे तू काहीही लिहू नयेस, असा माझा आग्रह आहे. शहरात गाठायचे काय ते आधीच ठरलेले असते, म्हणून तेथे वेळापत्रक हवे. खेड्यात काय भेटेल ते आधी ठाऊकच नसते, म्हणून तेथे वेळापत्रक निरुपयोगी. इंग्लंडात खासगी शेतांमधूनही पादचाऱ्याला जाण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या पायवाटा आहेत. फाटक उघडून आत जावे आणि मागे नीट लावून घ्यावे, हा तेथील शिरस्ता. तुम्ही चौघे चढण चढाल तेव्हा वहिनी तळ्याकाठी बाकावर बसतील, आणि तासाभरात त्यांची कोणाशी तरी ओळख झालेली असेल. पावसाची मात्र तयारी ठेव. याच प्रांतातील सीथवेट या वस्तीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरापुढे तो कमीच, पण तो चार महिन्यांत न आटोपता बारा महिने विखरून पडतो.

निवासासाठी स्वयंपाकघर असलेले घर घे. उन्हाळ्यात अशी घरे बहुधा आठवड्याच्या बोलीनेच, शनिवार ते शनिवार मिळतात, तेव्हा आधी ती तारीख ठरवून मग लंडनच्या रात्री तिच्या अलीकडे बसव. मे महिन्याचा शेवटचा आठवडा टाळ, कारण तेव्हा तेथील शाळांना सुटी असते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने जूनचे पहिले दोन आठवडे तुम्हांला सोयीचे पडतील, आणि त्या दिवसांत तेथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आगगाडीची सवलतीची तिकिटे साधारण बारा आठवडे आधी निघतात आणि मागाहून तीच जागा महाग होते. कुटुंबासाठी एक सवलतपत्र मिळते, त्यावर प्रौढांस तिसरा हिस्सा आणि मुलांस साठ टक्के सूट आहे. परतीसाठी पुन्हा लंडनास येऊ नका. ऑक्सनहोमहून मँचेस्टरच्या विमानतळापर्यंत आगगाडी जाते आणि आखाती देशांकडची विमाने तेथूनही सुटतात. एका शहरात उतरून दुसऱ्यातून निघण्याचे तिकीट काढलेस की एक पूर्ण दिवस वाचेल. तो दिवस लंडनला देऊ नकोस, ग्रासमिअरला दे.

ब्रिटनच्या परवान्यासाठी प्रवासापूर्वी तीन महिन्यांच्या आतच अर्ज करता येतो आणि निर्णयास साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा मार्चमध्ये कागद तयार असावेत. लहान मुलांची पारपत्रे पाच वर्षांच्याच मुदतीची असतात. धाकटीचे तू बहुधा तिच्या पहिल्या वर्षी काढले होतेस; त्याची मुदत आजच कपाटातून काढून पाहा आणि संपत आली असल्यास नूतनीकरणाची तजवीज कर.

सुधारलेला मसुदा पाठविण्यापूर्वी तो वहिनींना वाचून दाखव आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्या तशाच ठेव. त्यांस माझा सा. नमस्कार सांगावा. सौ. सूनबाईस व मुलांस आशीर्वाद. तुझी काकू येथे क्षेम असून तिने दिवाळीचा डबा उद्याच्या गाडीने येणाऱ्या मंडळींबरोबर धाडला आहे.

तुझा
काका