नहेम्याची सभा आणि आपल्या घरावरचे कर्ज
बायबल अभ्यास : नहेम्या 5:1-13



नहेम्याच्या ग्रंथातील आठवा अध्याय आपण रविवारच्या वाचनात ऐकतो. एज्रा लोकांसमोर नियमशास्त्र वाचतो तो प्रसंग. पाचवा अध्याय मात्र रविवारी वाचला जात नाही. म्हणून या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी तो घरी काढून वाचावा. तेरा ओव्या आहेत, पाच मिनिटे लागतील.

यरुशलेमच्या तटाचे काम चालू आहे. बाहेर शत्रू आहेत, पण या अध्यायात ओरड उठते ती आतून. सामान्य लोक आणि त्यांच्या बायका तक्रार घेऊन येतात. कोणी म्हणतात, मुलेबाळे पुष्कळ, खायला धान्य नाही. कोणी म्हणतात, दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली. कोणी राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढलेले आहे. काहींच्या मुली तर कर्जापायी दास्यात गेल्या आहेत आणि त्यांना सोडवून आणण्याची ऐपत बापांपाशी उरलेली नाही. कर्ज देणारे कोणी परके नाहीत, त्यांचेच यहुदी भाऊबंद आहेत.

नहेम्याला राग येतो. पण रागाच्या भरात तो काही करत नाही. आधी मनाशी विचार करतो, मग सावकारी करणाऱ्या प्रतिष्ठितांना जाब विचारतो आणि मोठी सभा भरवतो. सभेत तो कबूल करतो की मी, माझे भाऊ आणि माझे सेवकही पैसा आणि धान्य उसने देत आलो आहोत. मग सांगतो, आजच्या आज त्यांची शेते, मळे आणि घरे परत करा आणि घेतलेला शंभरावा भागही सोडा. ते हो म्हणतात. नहेम्या तेवढ्यावर थांबत नाही. याजकांना बोलावतो आणि त्यांच्यासमोर शपथ घ्यायला लावतो.

हा 'शंभरावा भाग' म्हणजे दरमहा शंभराला एक, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्या भाषेत शेकडा एक. त्यासाठी नहेम्याने सगळ्या गावाची सभा भरवली. आपल्या दिघी-भोसरी भागात विनापरवाना सावकार शेकडा दहा मागतो आणि आपण मुकाट्याने देतो.

हिशेब करून पाहा. पन्नास हजार रुपये शेकडा दहाने घेतले तर महिन्याला पाच हजार व्याज. वर्षात साठ हजार गेले, मुद्दल जागच्या जागी. कंत्राटी कामगाराच्या घरात हे पाच हजार कोठून येतात? आधी ओव्हरटाइममधून, मग भिशी लवकर उचलून, मग बचत गटाच्या कर्जातून, मग मोबाईलवरच्या अॅपमधून. एक कर्ज फेडायला दुसरे. बहुतेक वेळा सुरुवात चैनीने झालेली नसते. दवाखाना, मुलीचे लग्न, कॉलेजची फी, नाहीतर कंपनीने अचानक दिलेला ब्रेक. अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूरकडून पोटासाठी इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांना मागे शेताचा आधार नसतो, आणि गावाकडे कळू नये म्हणून नवराबायको एकमेकांपासूनसुद्धा कर्ज लपवतात. रविवारी मिस्साला येणे बंद होते, कारण जामीन राहिलेला माणूस तेथे भेटेल. काही जण रातोरात खोली सोडतात. काहींनी जीवच संपवला आहे. म्हणून हा विषय येथे घेतला.

नहेम्याच्या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पहिली ओवी. लोक ओरडले, बायकाही ओरडल्या. कोणी घरात तोंड झाकून बसले नाही. आणि सूट मिळाली ती कोणाच्या कानात सांगून नव्हे, साक्षीदारांसमोर, रीतसर. आपल्यालाही रीतसर मार्ग आहेत. मात्र कर्ज कोणाचे आहे त्याप्रमाणे दार बदलते, आणि चुकीच्या दाराशी जाण्यात पुष्कळांचे महिने वाया जातात.

प्रथम खासगी सावकार. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला परवाना लागतो. परवानाधारकानेही किती व्याज घ्यावे हे सरकार ठरवते. 2014 मध्ये ठरलेले दर शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18 टक्के असे आहेत. म्हणजे वरच्या पन्नास हजारांवर वर्षाचे कायदेशीर व्याज जास्तीत जास्त नऊ हजार. आपण साठ हजार दिले! शिवाय दामदुपटीचा जुना नियम आहेच, व्याजाची वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय वसुलीचा हुकूमनामा देत नाही, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तक्रार करायची ती सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे. धमकी वा मारहाण असेल तर पोलिसांकडेही. गावाकडची जमीन अशा व्यवहारात लिहून घेतली असेल आणि त्याला पंधरा वर्षे झाली नसतील, तर चौकशी करून ती परत देण्याचा अधिकार त्या जिल्ह्याच्या उपनिबंधकांना आहे. मात्र शेजाऱ्याने अडचणीत दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे. ते या कायद्याच्या आडून बुडवू नये.

हे कायदे आयते मिळाले नाहीत. आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे पेटवले. त्या दंग्यांनंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आणीबाणीच्या काळात महाराष्ट्राने अल्पभूधारक, मजूर, कारागीर आणि कामगारांची कर्जे रद्द करणारा कायदा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तो वैध ठरवला.

दुसरे, बँक, फायनान्स कंपनी आणि मायक्रोफायनान्सचे गट. येथे व्याज जास्त वाटले तरी ते सावकारी कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. 2022 च्या निर्देशांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स, आणि घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. घरात चोवीस हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून बारा हजार. याहून जास्त हप्ते बसत असताना कंपनीने आणखी कर्ज दिले असेल तर चूक कंपनीचीही आहे, हे लेखी कळवावे. हप्ता चुकल्यावर फोन बंद ठेवू नये. शाखेत जाऊन, अर्जाची पोच घेऊन, मुदत वाढवून किंवा तडजोडीची रक्कम ठरवून मागावी. तोंडी तडजोडीवर एक रुपयाही भरू नये. आधी पत्र, मग पैसे, शेवटी बाकी नसल्याचा दाखला. तडजोड केल्याची नोंद पुढे सिबिलमध्ये दिसते, हेही माहीत असावे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक 14448. मोबाईल अॅपवाल्याने फोनमधील नातेवाइकांना घाणेरडे संदेश पाठवायला सुरुवात केली तर 1930 वर कळवावे.

पतपेढीचे मात्र वेगळे आहे. तेथे लोकपाल नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधक वसुलीचा दाखला देतात आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय जप्ती येऊ शकते; जामीनदाराच्या पगारावरही. कलम 101 ची नोटीस आली की सुनावणीला जायचेच. आपल्या मंडळींत जामीन राहणारा सहसा चर्चमधलाच भाऊ असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तिसरे दार लोकअदालतीचे. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते. दाव्याआधीची प्रकरणेही तेथे घेतात. तेथे झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि त्यावर अपील नाही. म्हणून महिन्याला झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. वकील परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. अनुसूचित जातीचा दाखला ख्रिस्ती म्हणून आपल्याला मिळत नाही, ते दुखणे जुने आहे; पण या कामासाठी त्याची गरजही नाही. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. दूरध्वनी 15100.

आणि यांतले काहीच जमले नाही तर नादारीचा अर्ज. दिवाळखोर हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, म्हणून हे दार कोणी पाहतच नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न 60,000, मालमत्ता 20,000 आणि कर्ज 35,000 रुपयांच्या आत, स्वतःचे घर नाही, अशांसाठी. वाचायला चांगली आहे, पण सामान्य माणसासाठी ती अद्याप अमलात आलेली नाही. डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता तो भाग सुरू झाला. तोवर आपल्याला 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. कर्ज पाचशे रुपयांच्या वर असून फेडण्याची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. न्यायालयाने नादार ठरवल्यावर धनको परवानगीशिवाय वेगळी वसुली करू शकत नाहीत आणि शेवटी मुक्तता मिळू शकते. पण गहाण ठेवलेले घर किंवा गाडी यातून सुटत नाही. सरकारी देणे, फसवणुकीचे कर्ज आणि बायकोची पोटगी राहतेच. चेक न वटल्याचा खटला हा फौजदारी आहे, तोही थांबत नाही. म्हणून कोऱ्या चेकवर सही करून देऊ नये. काही लपवले तर शिक्षा आहे. वेळही पुष्कळ लागतो. हा रस्ता वकिलाशी बोलूनच धरावा.

तुरुंगाची भीती घालणारे पुष्कळ भेटतात. ऐपत असून न देणारा आणि ऐपतच नसणारा यांत कायदा फरक करतो. केवळ गरिबीमुळे पैसे देता येत नाहीत म्हणून कैद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक होतच नाही. जप्ती आली तरी कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी आणि रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने यांना हात लावता येत नाही. अनुवादाच्या ग्रंथात जात्याची तळी गहाण घेऊ नये असे सांगितले आहे (अनुवाद 24:6). दिवाणी कायद्यातील हे कलम त्याच जातीचे आहे.

नहेम्याने स्वतःलाही त्या सभेत उभे केले, हे विसरू नये. आपल्यापैकी कोणी भिशीतला पैसा व्याजाने फिरवत असेल, अडल्यानडल्याला शेकडा पाचने देत असेल, तर त्याने हा अध्याय धनकोच्या बाजूने वाचावा. 2025 च्या जुबिली वर्षात परमगुरू फ्रान्सिस यांनी श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करावीत असे आवाहन केले. आपण त्यासाठी प्रार्थना केल्या. लेवीय 25 मधली जुबिली मात्र राष्ट्रांची नव्हती, शेजाऱ्या-शेजाऱ्यांची होती.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी या आठवड्यात एका वहीत सर्व कर्जे लिहून काढावीत : कोणाचे, कधी घेतले, किती मिळाले, आजवर किती दिले, पावती आहे की नाही, जामीन कोण. नवराबायकोने एकत्र बसून लिहावे. पावती नसेल तर बँकेच्या खात्यातील नोंदी आणि फोनवरील संदेश जपून ठेवावेत, पुसू नयेत. ती वही आणि आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पगाराची चिठ्ठी घेऊन शिवाजीनगरला जाता येईल. कुटुंबसमूहातील एखाद्या जाणत्या माणसाने सोबत जावे. एकट्या बाईला त्या इमारतीत विचारत फिरायला लागू नये.