.२२ रायफलची पारख

प्रश्न : हौशी नेमबाजीसाठी .२२ रायफल पाहताना दर्जा कशावरून ओळखावा?

उत्तर : .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून प्रचारात आहे. त्याची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची. ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या मध्यावर नसून कडेच्या पोकळ घडीत असते आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. कडा दबावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. त्यामुळे दाब बेताचा आणि खांद्याला धक्का नगण्य. रिकामी पुंगळी मात्र पुन्हा भरता येत नाही.

पारख नळीपासून सुरू होते. चेंबर नेमक्या मापाचा, आतले पेच एकसारखे आणि तोंडाची कडा निर्दोष हवी. तिथला बारीक ओरखडाही गोळीची दिशा बिघडवतो. ट्रिगर दर वेळी त्याच दाबाला सुटला पाहिजे. दस्त्याच्या लाकडावरची नक्षी निव्वळ हौसेची.

५० मीटरच्या ऑलिंपिक लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला याच अंतरावर कांस्यपदक जिंकले. स्पर्धेची काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात, कारण ती सीमा ओलांडताना गोळी डळमळते. शिवाय एका नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून जाणकार नेमबाज निरनिराळे लॉट झाडून पाहतात आणि मगच साठा घेतात. भारतात अशा रायफलीला शस्त्र परवाना लागतो.