फारकत झाली, तरी जीव का अडकतो?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा हिशोब चालू होता. एका ताईंनी शेळीसाठी चार हजार उचलले होते, पण शेळी काही दारात आली नाही. विचारत गेलो तेव्हा कळलं, पैसे त्यांच्या आधीच्या नवऱ्याच्या मोटारसायकलच्या हप्त्याला गेले. कोर्टातून घटस्फोट होऊन तीन वर्षं झालीत! बायका हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "एवढी माया होती तर सोडलंस कशाला?" ताई मान खाली घालून बसल्या. मलाही तेव्हा काही बोलता आलं नाही.

नंतर मी त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्यानं दारू पिऊन मारलेलं मी विसरले नाही. पण सातची एसटी आली की कान अजून रस्त्याकडंच जातात. पोळ्याला त्याचा फोन आला. 'जेवलीस का' एवढंच विचारलं, अन् मला रडू फुटलं." हप्त्याचं त्यानं दुसऱ्या फोनला काढलं. (हे सगळं ताईंना विचारूनच लिहितेय.)

रॉबर्ट वाइस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली वेगळं झालेल्या नवरा-बायकोंवर एक पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की प्रेम आटलं तरी ओढ उरते. राग आणि ओढ एकाच मनात नांदतात. आपल्याकडे तर बाई लग्नानंतर गाव, घर, स्वयंपाकाची चवसुद्धा बदलते. पंधरा वर्षं ज्याच्या वेळेवर भाकरी थापली, त्याची सवय कोर्टाच्या कागदानं एका दिवसात कशी सुटेल? त्यात माहेरीही हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही. अशा वेळी 'जेवलीस का' विचारणारा तो एकटाच उरतो. हे मला फार लागलं, कारण तो प्रश्न आपणही विचारू शकलो असतो.

म्हणून आठवण येते याचा अर्थ निर्णय चुकला असा नाही. सासू आजारी पडली, बघायला जावंसं वाटलं, जा. मुलं बापाशी बोलतात, बोलू द्या. पण पैसा आणि सही या दोन गोष्टी मायेच्या भरात देऊ नका. "पोटगी सोडते असं लिहून दे, मग परत नांदवतो," असं गोड बोलून सही मागितलेली मी पाहिलीय. दुसरं लग्न न केलेल्या घटस्फोटित बाईला स्वतःचं भागत नसेल, तर नवऱ्याकडून पोटगी मागता येते. आधीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा. सही त्यांना कागद दाखवल्यावरच. आणि तो अजून धमकावत असेल तर १८१ लावा.

पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. नाव न घेता बोला: अशा ताईला आपण काय म्हणतो? ती फोन घ्यायच्या आधी कुणाकडे येऊ शकेल? कर्ज मागताना तिला एकटीला, बाजूला घेऊन कोण विचारेल?

त्या ताईंनी दोन हप्ते भरलेत. मावशी आता संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांच्याकडे चहाला जातात.