गरोदरपणात केमो : बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो का?

प्रश्न : माझ्या वहिनीला पाचव्या महिन्यात स्तनाचा कर्करोग असल्याचे कळले. डॉक्टर केमोथेरपी सुरू करू म्हणतात. बाळ मतिमंद होईल, या भीतीने घरचे नकार देत आहेत. काय करावे? – एक वाचक, पेठ (जि. नाशिक)

उत्तर : उपचार थांबवू नका. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, म्हणून तेव्हा केमो टाळतात. त्यानंतर ठरावीक औषधे देता येतात. बेल्जियममधील डॉ. फ्रेडरिक अमांत व सहकाऱ्यांनी गर्भात असताना आईला कर्करोग झालेल्या 129 मुलांची तुलना इतर मुलांशी केली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या बौद्धिक विकासात लक्षणीय फरक आढळला नाही. विकास मागे पडण्याचा संबंध दिसला तो अपुऱ्या दिवसांच्या जन्माशी. म्हणून केवळ केमो टाळण्यासाठी लवकर प्रसूती करवू नये. शक्यतो 37 आठवडे पूर्ण होऊ द्यावेत.

प्रसूतीआधी सुमारे तीन आठवडे केमो थांबवतात. टॅमॉक्सिफेन आणि ट्रास्टुझुमॅब ही औषधे गरोदरपणात देत नाहीत. केमो सुरू असताना अंगावर पाजू नये.

कर्करोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकत्र असतील अशा नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात वहिनींना लगेच न्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. जन्मानंतर बाळाची वाढ नियमित तपासून घ्या. आईचे उपचार वेळेवर होणे बाळाच्याही हिताचे आहे.