वारंवार तुटणारा संबंध

फोन केबलनें लॅपटॉपला जोडावा, त्यांतील चित्रें व ध्वनिमुद्रणें उतरवून घेऊं लागावें, आणि काम अर्ध्यावर असतांच संबंध तुटावा, हा अनुभव आतां घरोघरीं येतो. अशा वेळीं बहुतेक मंडळी केबल काढतात, पुन्हां खोंचतात, हलवून पाहतात, आणि शेवटीं "फोनच बिघडला" असा निकाल देऊन मोकळी होतात. आम्हींही एके दिवशीं असाच निकाल दिला, आणि तो चुकीचा ठरला. त्या चुकीपासून आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थ्यांपुढें मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रसंग असा घडला. वार्षिकासाठीं मुलांनीं आपापल्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घ्याव्या व त्या फोनवर मुद्रित करून आणाव्या, असें ठरलें होतें. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीच्या एकेचाळीस ओव्या आणल्या. फोन त्याच्या वडिलांचा. ते रात्रपाळीस जाणारे; तेव्हां सायंकाळीं सहाच्या आंत तो घरीं पोंचवावयाचा होता. फोनांत जागा उरली नव्हती, म्हणून ओव्या उतरवून झाल्यावर त्या पुसून टाकाव्या असें वडिलांनीं बजावलें होतें. आजी तर गांवीं परत गेली होती.

चार वाजतां आम्हीं शाळेच्या लॅपटॉपला फोन जोडला. आठ-दहा ओव्या उतरल्या न उतरल्या तोंच संबंध तुटला. पुन्हां जोडला, पुन्हां तुटला. चौथ्या खेपेस आमचा धीर सुटला आणि सर्व वर्गासमक्ष आम्ही म्हणालों, "अरे, असला मोडका फोन कशाला आणलास?" मुलगा खालीं पाहून म्हणाला, "सर, घरीं दादाच्या लॅपटॉपला लावतों तेव्हां तुटत नाहीं." त्या एका वाक्यांत निम्में निदान होतें, पण आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

दोष शोधण्यापूर्वीं हा संबंध जुळतो कसा, तें पाहूं. यूएसबी नांवाची ही जोडणी १९९६ सालीं प्रथम ठरविण्यांत आली. साध्या केबलमध्यें मुख्यतः चार तारा असतात. दोन विजेच्या : एकीनें पांच व्होल्ट दाबाची वीज फोनाकडे जाते व दुसरीनें परत येते. उरलेल्या दोन निरोपाच्या. कांहीं स्वस्त केबलींत या निरोपाच्या ताराच नसतात. तसल्या केबलीनें फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपास त्याचा पत्ता लागत नाहीं. २०१४ सालीं आलेल्या टाइप-सी टोकांत जोडबिंदू पुष्कळ अधिक आहेत. तथापि फोनबरोबर मिळणाऱ्या अनेक केबलींत निरोपाचें काम अजून त्याच दोन तारा करतात.

केबल लागतांच फोन निरोपाच्या तारेवरील विजेचा दाब किंचित् वाढवून आपण आल्याची वर्दी देतो. लॅपटॉप विचारतो, "तूं कोण? तुला काय येतें?" फोन उत्तर देतो. मग लॅपटॉप त्याला एक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकानें पुढील सर्व व्यवहार चालतो. आतां केबल क्षणभर जरी सुटली, तरी पाहुणा निघून गेला असें लॅपटॉप समजतो. क्रमांक रद्द होतो, चाललेलें काम टाकून दिलें जातें, आणि सर्व ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागते. त्यांतच अँड्रॉइड फोन बहुधा प्रत्येक नव्या जोडणीस "फक्त चार्जिंग" या स्थितींत येतो. "फाइल ट्रान्सफर" हा पर्याय आपण पुन्हां निवडावा लागतो. म्हणून तुटणें क्षणाचें असलें, तरी संबंध कायमचा गेला असें वाटतें.

हें ध्यानांत आलें म्हणजे पहिला प्रश्न "काय बिघडलें?" असा न विचारतां "केव्हां तुटतें?" असा विचारावा. केबल हालली कीं तुटतें काय? कोणी हात न लावतां, काम थांबलें असतां थोड्या वेळानें तुटतें काय? कीं मोठी फाइल चालू असतांच तुटतें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें तीन निरनिराळ्या वाटा दाखवितात.

हालचालीनें तुटत असेल तर दोष केबलींत किंवा तिच्या दोन टोकांच्या पोर्टांत असावा. केबल टोकाजवळच्या मानेपाशीं पुनःपुन्हां वांकून आंतील बारीक तंतू एकेक करून तुटतात. वरचें आवरण मात्र धड दिसतें. फोनाच्या पोर्टांत खिशांतील कापसाची कीस दाबून बसते व टोक पुरतें आंत जात नाहीं. फोन बंद करून, उजेड पाडून, लांकडी दातकोरणीनें ती हलक्या हातानें काढावी. टांचणी किंवा सुई कधींही घालूं नये. धातूनें आंतील जोडबिंदू वांकतात व नसलेला बिघाड उत्पन्न होतो.

काम चालू असतां तुटत असेल तर विजेचा दाब कमी पडत आहे काय, तें पाहावें. येथें ओहमचा नियम उपयोगी पडतो. कोलोन येथें शाळेंत शिकवीत असतांना ओहमनें विद्युत्प्रवाहाचे प्रयोग केले आणि १८२७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दाबांतील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. यूएसबी २.० च्या पोर्टानें ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर, प्रवाह द्यावा असें ठरलें आहे. जाणाऱ्या व येणाऱ्या तारेचा मिळून रोध अर्धा ओहम असेल तर पाव व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. झिजलेल्या केबलीचा रोध एक ओहम झाला तर अर्धा व्होल्ट जातो, आणि पांचांपैकीं साडेचारच फोनापाशीं पोंचतात. एवढ्यावर कांहीं फोन टिकतात, कांहीं हात टेकतात. याच कारणास्तव स्वतःची वीज नसलेला हब मध्यें घालूं नये, यूएसबी २.० चा तसला हब प्रत्येक जागेस १०० मिलिअँपिअरच देऊं शकतो. फोन सरळ लॅपटॉपलाच लावावा.

कोणी हात न लावतां तुटत असेल तर संशय लॅपटॉपाच्या काटकसरीवर घ्यावा. विंडोजमध्यें वीज वांचविण्यासाठीं स्वस्थ बसलेला पोर्ट झोंपविण्याची सोय आहे. पॉवर ऑप्शन्समध्यें "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" या नांवाची सोय असल्यास ती बंद करावी. तसेंच डिव्हाइस मॅनेजरमध्यें यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर, वीज वांचविण्यासाठीं हें साधन बंद करण्याची मुभा देणारी खूण असल्यास ती काढावी. फोनाचा पडदाही काम संपेपर्यंत उघडा ठेवणें चांगलें.

या सर्व शोधांत एक नियम मुळीं सोडूं नये : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट व सेटिंग हीं तिन्ही एकदम बदललीं आणि संबंध टिकला, तर काम होईल. पण दोषी कोण होतें, तें कळणार नाहीं, आणि तोच बिघाड उद्यां पुन्हां दारांत उभा राहील.

त्या दिवशीं पांच वाजून गेल्यावर आम्हीं अखेर याच मार्गानें जावयाचें ठरविलें. फोन तोच, लॅपटॉप तोच, पोर्ट तोच. फक्त केबल बदलली. मुलाच्या दप्तरांत त्याची घरची केबल होती, ती लावली. ओव्या भराभर उतरूं लागल्या. आमची केबल हातांत घेऊन पाहिली तों तिची मान मऊ पडलेली! लॅपटॉपाभोंवतीं ती घट्ट गुंडाळून ठेवण्याची संवय आमचीच.

परंतु तेवढ्यानें भागलें नाहीं. पंचवीस ओव्या उतरल्यावर त्यांस नांवें देण्यासाठीं आम्ही थांबलों, आणि कोणी हात न लावतां संबंध पुन्हां तुटला. मनांत पुन्हां फोनाविषयीं किंतु आला. पण या वेळीं तो तपासून पाहिला. लॅपटॉपाची काटकसर बंद केली, आणि तितकाच वेळ मुद्दाम स्वस्थ बसलों. संबंध टिकला. म्हणजे दोष एक नसून दोन होते, आणि दोन्ही शाळेच्या बाजूचे होते. फोन निर्दोष होता.

उरलेल्या ओव्या उतरविल्या. येथें आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फाइली "कट" करून हलवूं नयेत, "कॉपी" कराव्या. संबंध मध्येंच तुटला तरी मूळ प्रत फोनांत राहते. दोन्हीकडील संख्या मोजावी, कांहीं फाइली उघडून पाहाव्या, आणि मगच मूळ पुसावें. आम्हीं एकेचाळीस मोजल्या. पूर्वीं अर्धवट राहिलेली एक ओवी मध्येंच थांबत होती, ती पुन्हां उतरविली. शेवटची ओवी लावली तेव्हां आजीच्या आवाजामागें जात्याची घरघर ऐकूं आली. मग त्या मुलानेंच आपल्या हातानें फोनांतील प्रती पुसल्या आणि पावणेसहास तो घरीं धांवला.

दुसऱ्या दिवशीं वर्ग भरल्यावर आम्हीं ती केबल सर्वांस दाखविली आणि फोनाविषयीं काढलेले शब्द परत घेतले. जें सर्वांसमक्ष बोललों, तें सर्वांसमक्षच परत घेणें प्राप्त होतें. दुसऱ्याची वस्तु जुनी दिसते म्हणून दोष तिचाच असें धरणें सोपें असतें. पण शास्त्राचा अभ्यास करणाऱ्यानें संशयाचा आरंभ आपल्या हातांतल्या टोकापासून करावा.

स्वाध्याय

१. केबलींतील विजेच्या दोन तारांचा मिळून रोध ०.८ ओहम आणि प्रवाह ०.५ अँपिअर असेल, तर पांच व्होल्टांपैकीं किती फोनापाशीं पोंचतील?

२. फोन व केबल तींच असतां एका लॅपटॉपला संबंध तुटतो, दुसऱ्यास तुटत नाहीं. दोष प्रथम कोठें शोधाल, व कां?

३. वरील प्रसंगांत केबल बदलतांच ओव्या उतरूं लागल्या. तेवढ्यावरून "दोष एकच होता" असें अनुमान काढणें कां चुकीचें ठरलें असतें?