पाने तीनच, पण कोणाची?

"हा पांगारा," असे ठामपणे सांगून मी हात वर केला आणि शेंगांचा घोस खाली ओढला. त्यानंतरचे सहा तास मी अंग खाजवण्याखेरीज दुसरे काहीही केले नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला झाडे ओळखण्याचा नाद लागला. रोज सकाळी पुण्यातल्या टेकडीवर जायचे, गिरिपुष्पाच्या गर्दीतून एखादी मेडशिंगी, एखादी सालई हुडकायची आणि घरी येऊन वहीत टिपून ठेवायचे. टेकडीवरच्या झाडांशी थोडी सलगी झाली की माणसाला वाटायला लागते, आता सगळा सह्याद्री आपल्या ओळखीचा. मलाही तसेच वाटू लागले होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मेव्हण्यांच्या गावी, माणगाव तालुक्यात गेलो होतो. भातकापणी होऊन खाचरे मोकळी पडली होती. नववीतली भाची बरोबर होती. बांधाच्या टोकाशी एक तरणे झाड उभे होते. तिने विचारले, "आतोबा, हे कसलं झाड?"

मी जवळ गेलो. खोडावर जाड, शंकूसारखे काटे. डोळ्यांच्या उंचीला तीन-तीन दलांची पाने. त्यांतून लोंबणाऱ्या बोटभर लांबीच्या, किंचित वळलेल्या शेंगा आणि त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल. काटे, त्रिदल, शेंग. मनातल्या मनात बेरीज झाली आणि उत्तर आले पांगारा. काटे नसते तर पळस म्हणालो असतो, कारण पळसाला पाने तीनच हे शाळेपासून तोंडपाठ.

भाचीने खाली वाकून एक वाळलेले पान उचलले. हाताच्या पंजासारखे, एकाच देठाच्या टोकाला पाच-सात दले. "पण ही पानं तर वेगळी आहेत." मी म्हणालो, "वाऱ्यानं आली असतील कुठून तरी." त्या झाडाखाली तसल्या पानांचा खच पडला होता. एवढा खच वाऱ्याने नेमका तिथेच कसा आणून टाकला, हा प्रश्न मला सुचला नाही.

शेंगा ओढताच बारीक धुरळा उडाल्यासारखे वाटले. क्षणभराने मनगटाला काहीतरी टोचले, मग मानेला, मग कॉलरच्या आत. मी रुमालाने मनगट खसाखसा पुसले आणि त्याच रुमालाने कपाळावरचा घाम टिपला. मग कपाळही पेटले. मोळी घेऊन चाललेल्या एक आजी थबकल्या. "कुयलीला हात घातला का वो पाव्हणं? चोळू नका! पोरीला लांब करा आधी." माझी अवस्था बघून त्यांना हसू आवरेना. मी कण्हतच विचारले, "पण हा पांगारा ना?" आजी म्हणाल्या, "सावर हाय ती. कुयली वर चढलीय."

काटे काटेसावरीचे होते. पाने आणि शेंगा खाजकुइलीच्या, म्हणजे सावरीवर चढलेल्या वेलीच्या. सावरीची स्वतःची पाने थंडीत गळून खाली पडली होती आणि भाचीने त्यातलेच एक माझ्यासमोर धरले होते. मी पाहिलेली एकेक खूण खरी होती, पण त्या दोन वेगवेगळ्या वनस्पतींच्या होत्या. त्या एकत्र करून मी तिथे नसलेले तिसरेच झाड उभे केले.

खाजकुइली लागली तर

आधी हे सांगतो, कारण ज्याला खाज सुटली आहे त्याला बाकीचे वाचण्याची सवड नसते. या शेंगेवरची लव म्हणजे अतिशय बारीक, सहज सुटणाऱ्या सुया. त्यांच्यात म्युक्युनेन नावाचे प्रथिन असते आणि ते कातडीत शिरले की खाज उठते. चोळले की सुया आणखी आत जातात आणि आजूबाजूलाही पसरतात. माझ्या रुमालाने तेच केले. घरी वहिनींनी खोके बांधायची चिकटपट्टी आणली. ती कातडीवर अलगद दाबायची, उचलायची आणि टाकून द्यायची. दर वेळी नवा तुकडा घ्यायचा. पट्टीला चिकटून लव निघाली, त्यानंतर साबणपाण्याने धुतले. कपडे वेगळे भिजवले. अंगावर पित्त उठल्यावर घेतो ती गोळी मी घेतली. तिने झोप आली, खाज काही फारशी कमी झाली नाही. गोळी ज्या हिस्टामिनला रोखते, त्याच्या वाटेने ही खाज मुळात येतच नाही, हे मला नंतर कळले. लव डोळ्यात गेली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तडक डॉक्टर गाठावा.

शेंग वाळलेली असेल तर हात न लावताही नुसत्या वाऱ्याने लव अंगावर येते. म्हणून पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत रानात मखमली शेंग दिसली, तर ती लांबूनच पाहावी.

शेंगेचा देठ कुठे जातो?

अनोळखी झाडापाशी आता मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. शेंगेपासून देठ, देठापासून डहाळी, डहाळीपासून फांदी, फांदीपासून खोड असा नजरेने मागे मागे जातो. ही वाट मध्येच दोरीसारखी वळसे घेत जमिनीकडे उतरली, तर शेंग वेलीची. हात न लावता, अर्ध्या मिनिटात हा निकाल लागतो. झाडाखाली पडलेल्या शेंगेवर तर याहूनही कमी भरवसा ठेवावा. तांबडी, काळ्या ठिपक्याची गुंज अशीच कुठल्याही झाडाखाली सापडते. तीही वेलच, आणि तिचे बी फोडले किंवा चावले गेले तर जिवावर बेतू शकते. रतनगुंजेचा मात्र खराखुरा वृक्ष असतो. तिच्या चपट्या शेंगा पिळवटून उकलतात आणि बिया एकसारख्या लाल असतात, काळा ठिपका नसतो. मुलांनी लाल बिया गोळा करून आणल्या, तर माळ ओवायच्या आधी हा फरक बघा.

दुसरा प्रश्न, आपण ज्याला पान म्हणतो आहोत ते खरेच पान आहे का? चिंचेची एक बारकी पाकळी म्हणजे पान नव्हे, ते दल. खरे पान जिथे डहाळीला जोडलेले असते, तिथल्या बेचक्यात कळी असते. दलाच्या बुडाशी ती नसते. कळीपासून मोजायला लागलो की करंज, बहावा, शिरीष यांचा गोंधळ आपोआप निवळतो. बहाव्याची दले जोडीजोडीने येतात, टोकाला एकटे दल नसते. करंजाच्या टोकाला एक दल असते. शिरीषाचे पान एकदा विभागून पुन्हा विभागलेले असते. सावरीची सगळी दले देठाच्या एकाच टोकावरून पंजासारखी फाकतात.

मग शेंग. ती किती लांब आहे एवढ्यावर थांबू नये. बी कुठे बसले आहे आणि शेंग उकलते कशी, तेही बघावे. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते. करंजाच्या लाकडासारख्या टणक शेंगेतही बहुधा एकच. बहाव्याची शेंग म्हणजे हात-दीड हात लांबीची काळी नळी, आत पडद्यांचे कप्पे. शिरीषाच्या पिवळट, कागदी शेंगा उन्हाळ्यात वाऱ्यावर खुळखुळतात. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने वाटली जातात. तिथेही शेंग खरे बोलते. आपट्याची शेंग जाडसर, वाकडी असते आणि न उकलता झाडावर राहते. कांचनाची चपटी असते आणि वाळली की तडकते.

लांबट फळ दिसले म्हणून झाड शेंगाकुळातले असे ठरवून टाकू नये. शेवग्याचे कूळ वेगळे. टेटूच्या तलवारीएवढ्या शेंगेत कागदी पंखांच्या बिया असतात, त्याचेही वेगळे. कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात आणि बियांना रेशमी झुबका असतो, तो तर भलत्याच घराण्यातला.

तिसरा प्रश्न महिन्याचा. पांगारा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला निष्पर्ण होऊन फुलतो, शेंगा त्यानंतर. जानेवारीच्या आरंभी हिरवी पाने आणि पिकलेल्या शेंगा एकाच वेळी अंगावर घेऊन तो कशाला उभा राहील? एवढा विचार केला असता तर माझा हात वर गेलाच नसता.

फोटो काढताना

फोनवरच्या ॲपला मी नावे ठेवत नाही. पण आपण जे दाखवू त्याचेच नाव ते सांगते. त्या दिवशी मी त्याला शेंगेचा फोटो दाखवला असता, तर त्याने खाजकुइली असे बरोबर सांगितले असते आणि मी "ॲपला काय कळतंय" म्हणून ते खिशात टाकले असते. म्हणून आता पाच फोटो काढतो. दुरून अख्खे झाड, खोडाची साल, डहाळीसकट पान, फांदीला लागलेली शेंग आणि झाडाखालचा पाचोळा. शेवटचा फोटो भाचीच्या मानाचा. आकार कळावा म्हणून शेजारी एक नाणे ठेवतो. तरीही अडले तर जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना विचारतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथे वाळवून जपलेले नमुने असतात. नाव पक्के होईपर्यंत चव घ्यायची नाही, बी फोडायचे नाही आणि कोणाला औषध म्हणून द्यायचे नाही.

मार्चमध्ये पुन्हा गावी गेलो. वेल वाळून तिच्या काड्या उरल्या होत्या आणि सावर लालभडक फुलली होती. तीन दलांचे एकही पान आता तिच्या आसपास नव्हते. भाचीने विचारले, "आतोबा, आता तरी नक्की ना?" मी खोडापर्यंत गेलो, वर पाहिले, खाली पाहिले, मग वही उघडली. जानेवारीतल्या पानावर 'पांगारा' ठळक अक्षरात लिहिलेले होते. ते खोडले नाही. पुढे कंसात लिहिले, 'पाचोळा बघितला नाही.'